परातीतल्या उवा

गोकुळच्या अंगणात तांब्याची परात, परातीत पाणी आणि भोवती अर्धं गाव. पाटावर त्याची लेक रुपाली मान खाली घालून बसलेली, इयत्ता चौथी. केशानंद महाराजांनी तिच्या केसांतून लाकडी फणी फिरवली आणि परातीवर झटकली. काळे ठिपके पाण्यावर पडले नि सैरावैरा धावू लागले.

"आई वं! कशा पळून राह्यल्या पाह्य!" शेजारच्या कोकिळाकाकू ओरडल्या.

"मागल्या जन्मीचं पाप आहे, मायबाप," महाराज म्हणाले. "पाप डोक्यावर चढतं, म्हणून ऊ पायावर होत नाही!" मग मंत्र पुटपुटत त्यांनी तेलाचा थेंब सोडला. उवा जागच्या जागी थिजल्या. जयजयकार झाला. महाराजांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता. लोक म्हणाले, बघा, एकही ऊ नाही.

मोताळ्याकडच्या आमच्या या गावाने उवांवर सगळं करून पाहिलंय. आधी रॉकेल. ते रेशनवर मिळेनासं झालं तेव्हा सीताफळाच्या बियांची पूड. ती पोरींच्या डोळ्यांत गेली. मग मलकापूरहून आणलेला औषधी शाम्पू. तो घरातल्या एकाच डोक्याला लावायचा, बाकीची डोकी राखीव. एकाने तर कपाशीवर फवारायचं औषध चोळून बायकोला दवाखाना दाखवला. यंदा महाराजांची चलती.

त्यांचं पथ्य एकच. अमावास्येपर्यंत डोकं धुवायचं नाही, विंचरायचं नाही. म्हणजे उवा मेल्या की नाही, हे पाहायचंच नाही. रुपाली दुसऱ्यांदा पाटावर बसली होती. पहिल्या पथ्यात खाजवून खाजवून तिचं डोकं फुटलं, केसांत पू धरला, मानेत गाठी आल्या.

"वंदना, पोरगी तापली आहे," रुपालीच्या वर्गशिक्षिका शारदाबाई तिच्या आईला म्हणाल्या. "डोकं धू. दवाखान्यात ने."

"धुतलं तं उवा लहान्याच्या डोक्यात जातीन म्हने, बाई." वंदनाने पोरीला जवळ ओढलं.

तोवर परात राखेने घासून पुन्हा भरली. दुसरी पोरगी बसली, फणी झटकली, ठिपके पळाले. शारदाबाईंनी स्वतःच्या तेलकट वेणीवरून बोट फिरवलं.

"ओ बाई! पान्याले हात नका लावू, बाटते ते!" महाराजांचे भक्त रंगराव धावले.

बोट बुडलं. सगळ्या उवा थांबल्या.

"मी मंत्र म्हटला का?" बाईंनी एक ठिपका चिमटीत चिरडून कोकिळाकाकूंच्या नाकाशी धरला. "कसला वास?"

"कापराचा वं!"

"कापराचा चुरा. कोळशाच्या भुकटीत घोळून फणीत भरलाय. कापूर स्वच्छ पाण्यावर पळतो, तेल लागलं की थांबतो." त्यांनी काकूंच्या देवघरातला कापूर मागवला, घासलेल्या वाटीतल्या पाण्यावर खरवडला. पांढऱ्या उवा पळू लागल्या.

मी विज्ञानाचा पदवीधर. टाळ्या वाजवल्या. एकट्याच्याच वाजल्या.

"म्हंजे कापरात शक्ती हाये, असंच ना?" रंगराव म्हणाले. "मंग महाराज काय येगळं सांगून राह्यले? कापूर देवाचाच असते."

महाराजांनी बाईंना हात जोडले आणि पुढच्या पोरीला बोलावलं.

वंदना मात्र ताप पाहून उठली. दवाखान्यातल्या गोळ्यांनी गाठी उतरल्या, बाईंनी रुपालीचं डोकं धुऊन बारीक फणीने विंचरलं. पोरगी हसत शाळेत गेली आणि आपल्या जागेवर बसली. उजवीकडे एक अमावास्येची वाट पाहणारी, डावीकडे दुसरी. थोड्याच दिवसांत ती पुन्हा खाजवू लागली.

"पाह्यलं बाई? पथ्य मोडलं म्हनून झालं हे," वंदना म्हणाली आणि पोरीच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधला.

ऊ पापातून येत नाही. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत येते. म्हणून घरातल्या, शेजारच्या, वर्गातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी तपासायची, ज्यांच्यात उवा असतील त्यांना डॉक्टरांचं औषध लावायचं, आणि लिखा संपेपर्यंत फणी सोडायची नाही. एवढंच आहे. बाईंनी हे घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांनी चहा दिला, पटल्याचं सांगितलं, आणि अमावास्येनंतर बघू म्हणाले.

रुमालाखाली रुपालीचं डोकं पुन्हा फुटलं आहे. निदान तिच्या बाकावरच्या दोघींच्या आयांनी तरी आजच पोरींची डोकी धुवायला पाणी तापवावं.