पुस्तकाखालची उशी

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्हाला जांभई येते हे मला ठाऊक आहे. मीही एक जुनी उशीच आहे. पण आजवर माझ्यावर कुणी डोकं ठेवलेलं नाही. एकदा परीक्षेच्या दिवसांत एका दमलेल्या विद्यार्थ्याने तसा प्रयत्न केला होता, तेव्हा त्याला असं काही उठवण्यात आलं की पुन्हा तो आमच्या मजल्यावर फिरकला नाही. माझ्यावर पुस्तकं पहुडतात. उताणी, निवांत, हातपाय पसरून.

मी राहते विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावरच्या दुर्मिळ पुस्तकांच्या खोलीत. खाली मोठं वाचनालय आहे. तिथे खुर्च्या सरकतात, कुजबुज चालते, कुणाचा तरी फोन वाजतो आणि सगळे त्याच्याकडे वळून पाहतात. आमच्याकडे तसलं काही नाही. येणाऱ्याने पिशवी बाहेर ठेवायची, पाण्याची बाटली बाहेर ठेवायची, हात धुऊन कोरडे करायचे आणि लिहायला फक्त शिसपेन्सिल घ्यायची. मग टेबलावर आधी मी येते आणि माझ्यावर पुस्तक येतं.

पुस्तकाला उशी कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. एक प्राध्यापक तर म्हणाले होते, "आम्हाला बसायला लाकडी खुर्ची आणि पुस्तकाला उशी! पुढच्या जन्मी पुस्तकच व्हावं म्हणतो." पण म्हाताऱ्या पुस्तकाची पाठ म्हाताऱ्या माणसासारखीच ताठ झालेली असते. त्याला टेबलावर सपाट उघडलं की शिवण ताणली जाते, कणा तडकतो. मी दोन्ही बाजूंनी उचलून धरते. ते जेवढं उघडू शकतं तेवढंच उघडतं. जबरदस्ती नाही.

मला शिवलं बांधणीकाकांच्या घरी. बांधणीकाका म्हणजे आमच्याकडे फाटकी पुस्तकं दुरुस्त करणारे. कापड त्यांनी आणलं, मशीन चालवलं काकूंनी. आधी माझ्या पोटात कापूस भरला होता. एक जाडजूड कोश माझ्यावर ठेवल्याबरोबर मी एका अंगाला अशी काही बसले की कोश घसरून काकांच्या मांडीवर आला. मग कापूस काढून बारीक प्लास्टिकचे मणी भरले. तेव्हापासून मी जशी दाबाल तशी होते. काकू मला हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "आपल्या घरात कुणाला इतकी चांगली उशी नाही बरं का." काका नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ काकूंना चांगलाच कळला असणार, कारण पुढच्याच रविवारी घरातल्या सगळ्या उशा नव्याने भरल्या गेल्या.

नव्याचे नऊ दिवस माझे फार कौतुकाचे गेले. पाहुणे आले की मला दाखवत. पुढे मी मळले, कडेने विरले, आणि कुणी माझ्याकडे पाहीनासं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही, असं म्हणणार होते; पण वाटलं, थोडं वाटलं. मात्र काम सुटलं नाही. राजांचे नकाशे, गाण्यांच्या चोपड्या, वाळवीने चाळण केलेली पंचांगं, सगळी माझ्या अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. नाही, वाढली नाहीत. म्हातारी तर ती आधीच होती.

या खोलीचा सगळा कारभार ताईकडे. ताई म्हणजे शिस्तीचा पुतळा. संध्याकाळी प्रत्येक पुस्तक मिटायचं, खोक्यात घालायचं, कपाटात ठेवायचं आणि कपाटाला कुलूप लावायचं, हा इथला नेम. बाहेर आग लागली तरी ताई आधी पुस्तकं मिटेल आणि मग ओरडेल, असं बांधणीकाका म्हणत.

मग आमच्याकडे भिंगवाले आजोबा येऊ लागले. शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले होते. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असे, म्हणून हे नाव. वर्षानुवर्षं ते एकच पुस्तक मागत. एका नदीतल्या माशांचं ते हस्तलिखित होतं. नदीकाठी राहणाऱ्या कुणा माणसाने एकेका पानावर एकेक मासा रंगवला होता आणि खाली त्याची सगळी हकीकत लिहिली होती: तो काय खातो, कुठल्या डोहात राहतो, अंडी कुठे घालतो. जगात त्याची दुसरी प्रत नव्हती. फोटो काढायच्या रांगेत त्याचा नंबर अजून लागला नव्हता. आजोबांचं लहानपण त्याच नदीत पोहण्यात गेलं होतं. आता तिथे धरण झालं आहे आणि ते मासे दिसत नाहीत. मुलांना वाचता यावं म्हणून आजोबा त्या पुस्तकाची सुवाच्य नक्कल करत होते.

पण त्यांची नजर दिवसेंदिवस विझत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की आहे तेवढं वापरून घ्या. शेवटचे थोडेच मासे उरले होते. आजोबा पोहोचतात की नजर आधी जाते, अशी ती शर्यत होती, आणि ताईचा सगळा जीव त्या शर्यतीत गुंतला होता.

पुस्तकाचा कणा मागच्या बाजूला तडकू लागला होता. रोज मिटायचं, रोज उघडायचं, म्हणजे रोज त्या चिरेवर घाव. एका शनिवारी संध्याकाळी ताई बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. मग तिने पानावर मलमलीचं फडकं पांघरलं आणि पुस्तकाला हळूच म्हणाली, "सोमवारी परत उघडायचंच आहे ना तुला? राहा असंच." आणि दिवा मालवून ती गेली. तिने जन्मात पहिल्यांदा नेम मोडला, तोही पुस्तकाच्या मायेपोटी.

आमच्या टेबलाच्या वर, भिंतीत थंड हवेचं यंत्र आहे. पुस्तकांना दमट हवा बाधू नये म्हणून ते रात्रंदिवस चालतं. त्याची पाणी बाहेर नेणारी नळी त्या रविवारी तुंबली. कुंपणानेच शेत खावं, तसं झालं. थेंब टेबलावर पडले, ओघळ माझ्याकडे आला. मी माझ्या कापडात मावेल तेवढं शोषलं. पण माझं कापड ते केवढं! पाणी वर चढलं, पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात शिरलं, आणि तिथून शेवटच्या पानांत. आजोबांनी अजून न वाचलेल्या पानांत. मित्रांनो, मला हात असते तर मी ते पुस्तक डोक्यावर धरलं असतं.

सोमवारी दार उघडलं. टेबलावर पाणी, जमिनीवर पाणी, आणि ताईच्या मात्र तोंडचं पाणी पळालेलं. ती ओरडली नाही. धावत जाऊन बांधणीकाकांना घेऊन आली.

"पान उलटून पाहू का, काका? किती भिजलंय ते?"

"हात लावू नकोस! ओलं पान उलटलं की फाटतं. आणि उन्हात ठेवायचं मनातही आणू नकोस."

"मग काय करायचं? दोन दिवसांत बुरशी धरेल."

"गोठवायचं. गोठलं की सगळं जिथल्या तिथे थांबतं. मग सवडीने वाळवू. पण ही उशी पुठ्ठ्याला चिकटलीये. ओढली तर पुठ्ठ्यावरचं चामडं निघून येईल. दोघांना एकत्रच न्यावं लागेल."

गोठवायला यंत्र कुठलं? विद्यापीठात ते एकाच ठिकाणी होतं: कॅन्टीनमध्ये, आईस्क्रीमची पेटी. कॅन्टीनवाल्या मामांनी आधी काकांकडे पाहिलं, मग ताईकडे, मग मेणकागदात गुंडाळलेल्या आमच्याकडे.

"आत काय आहे?"

"मासे," बांधणीकाका म्हणाले.

"अहो, माझी पेटी शुद्ध शाकाहारी आहे!"

"कागदावरचे मासे आहेत हो, मामा," ताई म्हणाली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला तिथे कोसळलं. मामांनी लगेच पेटी उघडली. सगळं आईस्क्रीम बाहेर काढलं आणि दिसेल त्या मुलाच्या हातात दिलं. भल्या सकाळी अख्खं विद्यापीठ आईस्क्रीम खात होतं आणि कुणालाच कारण माहीत नव्हतं. पेटीवर मामांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, "आत पुस्तक आहे. खायचं नाही."

त्या गारठ्यात आम्ही दोघं किती दिवस होतो ते मी मोजलं नाही. थंडीत विचारही गोठतात. एवढं आठवतं की रोज कुणीतरी झाकण उचलून आत डोकावायचं आणि गरम श्वासाची वाफ आमच्यावर यायची. ती ताई असायची.

बाहेर काढल्यावर काकांनी कात्रीने माझं कापड सगळीकडून कापलं आणि मला मोकळं केलं. पुठ्ठ्याला चिकटलेला तुकडा मागाहून थोडाथोडा ओला करून सोडवला. काकूंनी मला नवं अंग शिवून दिलं. पुस्तकाचं एकेक पान टीपकागदात घालून वाळू लागलं. ग्रंथपालबाईंनी ताईला बोलावून एवढंच विचारलं, "नियम कशासाठी असतात?" त्यांनी तिला कामावरून काढलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती काकांना म्हणाली.

शेवटी एका सकाळी पुस्तक पुन्हा माझ्यावर आलं, आणि आजोबा टेबलाशी बसले. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ते दोरीसकट टेबलावर ठेवून दिलं.

"नाही दिसत गं आता. तू वाच. आणि तूच लिही."

ताईने वाचलं आणि आजोबांच्या वहीत शिसपेन्सिलीने लिहिलं. पानांना डाग पडले होते, रंग पसरले होते, पण अक्षरं लागत होती. एकेक मासा वहीत उतरत गेला. आजोबा डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनच लहान मुलासारखे हसत होते. असं करत शेवटचं पान आलं. वर नाव शाबूत होतं; ताईने ते मोठ्याने वाचलं. मासाही होता, चंदेरी, शेपटीला काळा ठिपका असलेला. त्याखाली मात्र नुसता फिकट तपकिरी डाग होता.

ताई थांबली.

"काय झालं? वाच ना."

"आजोबा, या ओळी गेल्या." ती म्हणाली. "माझ्यामुळे गेल्या. मी मिटायला हवं होतं."

आजोबा म्हणाले, "ठिपक्याचा ना तो? लहानपणी ओंजळीत धरला होता मी. एकदाच."

"मग तुम्ही सांगा ना! तुम्ही सांगाल ते मी लिहिते. तो कुठे राहायचा, काय खायचा..."

"मला कुठे माहीत आहे पोरी? म्हणून तर हा मासा शेवटी राखून ठेवून इतकी वर्षं या पानापर्यंत येत होतो."

ताईने पेन्सिल खाली ठेवली. आजोबांनी चाचपडत ती शोधली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "नाव लिही. खाली तेवढ्याच ओळी कोऱ्या सोड. मनाने काही भरू नकोस. इथे काहीतरी लिहिलेलं होतं, एवढं तरी मुलांना कळू दे."

तिने नाव लिहिलं. आजोबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काठी टेकत घरी गेले.

मित्रांनो, ती वही आता छापून झाली आहे आणि तुमच्यासारखी मुलं ती वाचतात. शेवटच्या माशाखाली जागा का सोडली आहे, असं कुणी विचारलं तर आता तुम्ही सांगू शकाल. आळसाने पुस्तकं खराब होतात हे तुम्हाला शाळेत शिकवतात. मी तुम्हाला दुसरं सांगते: मायेनेही होतात. पुस्तकावर भरपूर माया करा, पण उठताना ते मिटा आणि जागेवर ठेवा. कारण त्याच्या शेवटच्या पानाकडे कुणीतरी हळूहळू येत असतं.