शालनचा जबाब

२०२२ साल. एसटीचा लांबलेला संप मिटून गाड्या पुन्हा वेळेवर धावू लागल्या होत्या. आषाढातल्या एका संध्याकाळी शालन परातीत भाकरी थापत होती आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून एका पोराचा आवाज येत होता.

"कुणाचा रं तू?" तिनं हात न थांबवता विचारलं.

"मी यशराज, आत्या. आमी लेंगऱ्याचं. वडिलांचं मदुराईला दुकान हाय."

"वडील कुणाच्या हाताखाली शिकलं?"

"आकारामशेठच्या."

शालननं भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. शेजारी बसलेली बारा वर्षांची भाची शिवांजली तिच्या तोंडाकडं बघत होती. हा यशराजदादा तिला फोनवरच्या खेळात भेटला होता. चार महिने दोघं एका बाजूनं खेळत होते.

"आपलाच हाय," शालन म्हणाली. "बोलत जा."

त्या भागात हे एवढं पुरतं. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या गलाईच्या धंद्यात मुलूखभर पांगलेली. परक्या शहरात कुणी दारात आलं, तर गाव कुठलं, दुकान कुठं, कुणाच्या हाताखाली शिकला, एवढंच विचारायचं. आकारामशेठसारखं धंद्यातलं जाणतं नाव निघालं, उत्तरं जुळली, की ताट वाढायचं. शालननं हे स्वतः अनुभवलं होतं. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. त्याला शेवटच्या आजारात मद्रासला नेलं, तेव्हा कधी न पाहिलेल्या एका गलाईवाल्यानं हेच तीन प्रश्न विचारले आणि अठरा दिवस दवाखान्यात दोन्ही वेळचा डबा पोचवला. शालननं बोटातली अंगठी काढून त्याच्यापुढं धरली, तर तो माणूस रागावला होता. ते डबे ती अजून विसरली नव्हती.

नवऱ्याच्या जागी तिला एसटीत घेतलं. विटा स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात तिची पंचवीस वर्षं गेली. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ नानासो कोईमतूरला गलाईत होता. त्यानं विट्यात दुमजली घर बांधलं, पण राहायला कुणी नाही, म्हणून बहिणीला आणून ठेवलं. शाळा मराठीतून व्हावी म्हणून मुलगीही तिच्याकडंच ठेवली. वेणी घालणं, डबा, पालकांची सभा, सगळं शालनच बघायची. शाळेतल्या बाई तिलाच शिवांजलीची आई समजायच्या, आणि ती त्यांची चूक सुधारायची नाही.

श्रावणात शिवांजलीचं जेवण कमी झालं. फोन वाजला की ती दचकायची. आंघोळीला जातानाही फोन बरोबर न्यायची. शालनला वाटलं, वय आहे, अंगात बदल होत असतील. तिनं डिंकाचे लाडू केले. दिवसभर माईकवर बोलून घसा इतका शिणायचा, की घरी आल्यावर चार शब्द जास्तीचे विचारायचं तिच्या जिवावर यायचं. नंतर तिला या गोष्टीचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

भाद्रपदातला बुधवार होता. सव्वादहाची औंधमार्गे सातारा गाडी चार नंबरला लागली. शालननं ती दोनदा पुकारली. तिसऱ्यांदा पुकारायला माईक ओढला, तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत तिला निळा गणवेश दिसला. दप्तर पोटाशी धरलेलं. वेणी तिनंच सकाळी घातलेली.

ती ओरडली नाही. माईक बंद केला, चप्पल शोधत बसली नाही, तशीच अनवाणी फलाट ओलांडून गाडीत चढली. कंडक्टर डबल बेल द्यायच्या बेतात होता. त्याला तिनं हातानं थांबवलं आणि शिवांजलीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसली.

"कुठं निघालीस?"

"औंधाला. यमाईच्या दर्शनाला."

"एकटीच?"

मागचे प्रवासी कुरकुर करायला लागले. एक जण म्हणाला, "आवं बाई, तुमीच आडवताय व्हय गाडी? मग पुकारता कशाला?" दोघं-तिघं हसले. त्या हसण्याच्या आडोशानं शिवांजली हळूच म्हणाली,

"आत्या, मला उतरून घे."

स्टँडवर तान्ह्या मुलांच्या आयांसाठी एक खोली आहे. तिथल्या बाकावर शिवांजलीनं सगळं सांगितलं. सुरुवातीला यशराजदादा खेळात तिला जिंकून द्यायचा. मग तो तिला खेळातून वेगळ्या चॅटवर घेऊन गेला. आपलं गाव, कुणाचं दुकान कुठं, मोठी माणसं काय काय विचारतात, हे तिनंच त्याला हौसेनं सांगितलं होतं. आकारामशेठचं नावही तिनंच सांगितलेलं. मग त्यानं फोटो मागितला. एक फोटो गेला होता. कसला, ते शिवांजलीनं सांगितलं नाही आणि शालननं विचारलं नाही. त्यानंतर रोज धमकी येत होती, की फोटो तुझ्या वडिलांच्या दुकानावर पाठवतो. आता तो म्हणत होता, साताऱ्याच्या स्टँडवर ये, तुझ्यासमोर पुसून टाकतो.

"मला का न्हाई सांगितलंस गं?"

"तूच म्हणलीस, आपलाच हाय."

शालननं पोरीचा हात हातात घेतला.

तिनं नानासोला फोन लावला. त्यानं सांगितलं, की फोन फोडून टाक, नंबर बंद कर, आणि यातलं एक अक्षर बाहेर जाऊ देऊ नको. गलाईवाल्यांत एका गावची गोष्ट दुपारपर्यंत बारा शहरांत जाते, उद्या पोरीचं लग्न करायचं आहे. शालन म्हणाली, तो माणूस आत्ता साताऱ्यात उभा आहे, आज ही गेली नाही तर उद्या दुसरी कुणाची तरी जाईल.

"दुसऱ्याचं दुसरा बघंल," नानासो म्हणाला. "आक्का, तू पोलिसांत गेलीस, तर पोरगी तुझ्याकडं ऱ्हायची न्हाई. सांगून ठेवतो."

तो हे करणार, हे तिला माहीत होतं. लहानपणापासून तो बोललेलं करायचा. तिनं फोन ठेवला. बाहेर तिच्या जागी बसलेला माणूस पलूसची गाडी पुकारत होता, अडखळत. मग तिनं अर्ध्या रजेचा अर्ज लिहिला, शिवांजलीचं तोंड धुतलं आणि दोघी सांगलीच्या गाडीत बसल्या. फोन तिनं फोडला नव्हता, पदराच्या गाठीत घट्ट बांधून घेतला होता.

सांगलीत सायबर पोलिसांकडं स्वप्ना नावाची साध्या कपड्यातली तरुण पोलीस होती. तिनं पोरीला लगेच काही विचारलं नाही. चहा दिला, बिस्किटं दिली, शाळेत कुठला विषय आवडतो ते विचारलं. फोन जसाच्या तसा आणलात हे फार चांगलं केलंत, म्हणाली. साताऱ्याला तिनं लगेच कळवलं, पण तोवर दुपार झाली होती. पोरगी गाडीतून उतरली नाही हे बघून तो माणूस निघून गेला होता.

मग शालनचा जबाब लिहायला घेतला. ती सांगत गेली, स्वप्ना टाइप करत गेली. भाकरीच्या संध्याकाळपाशी येऊन शालन थांबली. पाणी प्याली.

"लिवा. मी सोता त्याची चौकशी केली आन् पोरीला म्हनलं, आपलाच हाय, बोलत जा."

स्वप्नाचे हात थांबले. "मावशी, हे घातलं नाही तरी चालेल. तुमचाच त्रास वाढेल. कोर्टात समोरचा वकील यावरच बोट ठेवेल."

"ठेवू दे. लिवा. न्हाईतर सगळा दोष पोरीवर येतोय."

खाली तिनं पूर्ण नाव लिहून सही केली.

नानासो आठ दिवसांत आला. शिवांजलीचा शाळेचा दाखला काढला, कपडे भरले. बहिणीच्या हातचं जेवला नाही, पाणीसुद्धा खालच्या हॉटेलातून मागवलं. जाताना शिवांजली आत्याच्या गळ्यात पडली नाही. वडील बघत होते. घर सोड असं नानासो कधी म्हणाला नाही, पण शालननं महिन्याच्या आत स्टँडमागं एक खोली भाड्यानं घेतली आणि चाव्या शेजारी दिल्या.

दोन महिन्यांनी तो माणूस सापडला. एकेचाळीस वर्षांचा होता. त्यानं विटा कधी पाहिलेलं नव्हतं, मदुराईही नाही. आवाज बदलायची सोय फोनमध्येच असते, हे शालनला तेव्हा कळलं. त्याच्या फोनमध्ये अकरा मुलांशी केलेलं चॅट निघालं. प्रत्येकाच्या गावासाठी त्याचं वेगळं नाव होतं आणि ज्याला त्याला तो त्याच्याच माणसांतला वाटत होता. अकरापैकी शिवांजलीच्याच घरून तक्रार आली होती. नंतर आणखी दोन घरची माणसं पुढं आली. वर्षभरानं त्याला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. स्वप्नाची बदली झाली, तरी दिवाळीला तिचा फोन असतो.

नानासो आता बहिणीशी बोलतो, पण कामापुरतं. त्याची बायको रेश्मा मात्र दुपारी तो दुकानात असताना फोन करते, आणि बोलता बोलता फोन मुलीच्या हातात देते. शिवांजली दहावीत आहे. तमिळ फाडफाड बोलते. साक्षीला एकदा सांगलीला येऊन गेली, बंद खोलीत न अडखळता सगळं सांगून गेली म्हणे. त्या दिवशी नानासो तिला परस्पर गाडीतून घेऊन गेला, त्यामुळं शालनला ती लांबूनच दिसली. आत्यापेक्षा उंच झाली आहे.

शालन निवृत्त झाली. तारखेच्या दिवशी ती धुतलेलं पातळ नेसून सांगलीला जाते आणि कोर्टाच्या बाकावर बसून राहते. समोरचा वकील दोनदा तिच्या 'आपलाच हाय' या वाक्यावर आला. दोन्ही वेळा त्यानं विचारलं, हे तुम्हीच म्हणालात ना? दोन्ही वेळा ती हो म्हणाली. बहुतेक वेळा नुसतीच पुढची तारीख पडते. शिपाई दारात येऊन तिचं पूर्ण नाव पुकारतो. ती उठून आत जाते आणि कुणी बसा म्हणेपर्यंत उभी राहते.