हिंगाची धुरी

हिलाल आणि इंदुबाईचं सकाळपासून जुंपलं होतं, आणि ज्याच्यावरून जुंपलं तो धुडकू भिंतीला टेकून एकेक श्वास ओढत बसला होता. वैशाखात गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या त्या पत्र्याच्या खोलीत धडधाकट माणसाचाही जीव कासावीस व्हायचा, मग त्याची काय कथा.

"दादाले गावले लई जाऊ," धाकटा भाऊ हिलाल म्हणत होता. "भगत एक अंगारामा उभा करी."

"आतेपावत काय कमी अंगारा चाटा का त्यानी?" शेजारीण इंदुबाईनं त्याला झाडलं.

खोटं नव्हतं. अंगारा झाला, अडुळशाचा काढा झाला, काळ्या शेळीचं दूध झालं. दिवसभर कापडाच्या लूमवर उभा राहणारा गडी आता पाण्यालाही उठेना. टीबी बरा झाला म्हणून सगळे हसले, तर पुन्हा थुंकीत रक्त. छातीचा फोटो पाहून गुजराती डॉक्टर म्हणाला, "फेफसामां फूग छे," आणि गोळ्या दिल्या. टीबीच्या गोळ्या खाऊन विटलेला धुडकू त्यांना हात लावेना.

त्याच्या बायकोला, मालतीबाईला, वाटलं होतं की फूग म्हणजे फुप्फुस फुगलंय. भांडता भांडता इंदुबाईनंच फोड केली, "फूग म्हंजे बुरशी वं. लोणचावर येस ती."

बुरशी! मालतीबाईच्या जिवात जीव आला. तिच्या लोणच्याला कधी बुरशी लागली नव्हती. बरणी भरायच्या आधी ती निखाऱ्यावर हिंग टाकायची आणि धुरावर बरणी उपडी धरायची. एवढी साधी गोष्ट त्या शिकलेल्या डॉक्टरला सुचू नये, याचंच तिला नवल वाटलं.

तिनं दोघांना बाहेर काढलं, निखारे फुलवले, हिंग टाकला आणि धुडकूच्या डोक्यावरून गोधडी घेतली.

"खोल वढा. आतलोंग जाऊ द्या."

"मालती, जीव घाबरस."

"थोडं सोसा. बुरशी जळी राह्यनी."

त्यानं सोसलं. बायको सांगते म्हणून छाती भरभरून ओढलं, आणि गोधडी रक्तानं भिजली. मालतीबाईची किंकाळी ऐकून हिलाल आत धावला. रिक्षात घालून धुडकूला दवाखान्यात नेलं.

रक्त थांबल्यावर त्याच्या अंगाचा धुराचा वास घेत डॉक्टरनं विचारलं, "धुमाडो कोणे आप्यो?"

"मीच लिधा," धुडकू कसाबसा बोलला.

"त्या खोटं बोली राह्यनात," मालतीबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. "मी दिधा."

 डॉक्टरनं हिंदीत समजावलं की अजून आशा आहे ती त्या बुरशीवरच्या गोळ्यांचीच, पण खाणार का हा?

"तिना हातमा द्या," धुडकू म्हणाला. "ती दी तरच घेसू."

नर्सनं गोळी मालतीबाईच्या तळव्यावर ठेवली. ज्या हातानं नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं, तोच हात त्यानं मागितला होता. तिला रडू फुटलं, आणि काही केल्या तो हात उचलेना. शेवटी धुडकूनंच तिचं मनगट धरलं आणि तोंडापाशी ओढून घेतलं.