कापडाच्या कात्रीचा जळफळाट

पैज लागली ती आमच्या दुकानाच्या पायरीवर. समोरचा सायकलवाला मिशीला पीळ देत म्हणाला, "आजी, सुनेचं दुकान सहा महिन्यांत बंद पडणार. कारखान्याला टाळं लागलंय, नवे कपडे शिवणार कोण? चाललं, तर अर्धी मिशी भर चौकात उतरवतो."

दुकान चालवणाऱ्या ताईच्या सासूबाई मटार सोलत होत्या. "आणि बंद पडलं, तर मी तुझ्या सायकलवरून चौकाला तीन फेऱ्या मारीन."

"चालवता येते का?"

"पडता येतं की."

मित्रांनो, हे सगळं मी खिळ्याला लटकून ऐकत होते. मी शिंप्याची म्हातारी कात्री, जाडजूड आणि तोंडाळ. लोहाराने मला ठोकून घडवलं, ताईच्या सासऱ्यांनी वापरलं, मग ताईने. लग्नाचे कोट कापलेत मी. "काय धार आहे," असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी दोन दिवस फुगून बसायचे.

मग कारखाना बंद झाला आणि ताईचा नवराही घरी बसला. आता चूल पेटायची ती दुकानावरच. नवं कापड येईना, तेव्हा ताईने पाटीच बदलली: 'जुने कपडे नवे करून मिळतील.' झिजलेली कॉलर उसवायची, उलटवायची, चांगली बाजू वर आणून पुन्हा शिवायची. लोक यायला लागले.

आणि उसवायचं काम कुणाकडे? बोटाएवढ्या एका सुरीकडे. प्लॅस्टिकची मूठ, कालचा जन्म. ताई तिला केसात खोचून फिरायची. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," असं तिला म्हणायची. मला कुणी तेलाचा थेंब दाखवेना. माझा स्क्रू गंजला आणि जीव जळून कोळसा झाला. रोज मनात म्हणायचे, मोडो मेली.

एका संध्याकाळी मोडलीच. मला इतका आनंद झाला, की खिळा हलला.

समोर कारखान्यातला जुना कारकून उभा. दुसऱ्या दिवशी सकाळीच नोकरीची मुलाखत, आणि बरा शर्ट तेवढा एकच, त्याचीही कॉलर झिजलेली. बाजार बंद, दुसरी सुरी मिळणार नाही. ताईने नाइलाजाने मला खाली काढलं आणि माझ्या टोकाने टाका उचलला. मला दाखवायचं होतं, त्या टिकलीएवढ्या सुरीपेक्षा मी किती सरस. घुसले जोरात. कॉलर आरपार फाटली. उलटवायला चांगली बाजूच उरली नाही.

कारकून मटकन खाली बसला. "ताई, दुसरा शर्ट नाहीये हो."

दारातून सायकलवाला म्हणाला, "आजी, सायकल पुसून ठेवू?"

सासूबाईंनी फाटकी कॉलर उचलून उजेडात धरली. एका कॉलरपायी दुकानाचं नाव जाणार होतं, आणि घालवणारी मी.

ताईने शर्ट टेबलावर पालथा घातला. "भाऊ, शर्ट पँटीत खोचता ना?"

"खोचतो."

"मग मागचं खालचं कोण बघतंय."

तिने पाठीचा खालचा तुकडा माझ्याकडून कापून घेतला, त्याचीच नवी कॉलर केली आणि खाली भलत्याच कापडाची पट्टी जोडली. मी आपली कुरकुरत, पण सरळ चालले.

कारकुनाला नोकरी लागली. मग काय, शर्टाच्या शेपटीची कॉलर करून घ्यायला तीन गल्ल्यांपलीकडून माणसं यायला लागली. मला तेल मिळालं. उसवायला नवी सुरीही आली. तिला बघून माझं अजून पित्त खवळतं, ते वेगळं.

सहा महिने झाले तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नव्हती. सायकलवाल्याचे स्वतःचे दोन शर्ट रांगेत होते. लोकांनी चौकात खुर्ची मांडली, त्याला बसवलं. सासूबाईंनी मला उचललं. मित्रांनो, आयुष्यभर कापडच खाल्लं होतं, आज मिशी.

ताईने वाटेतच मला काढून घेतलं. "आई, ही नको. ही कापडाची. केसांना लावली तर धार जाईल."

न्हाव्याला बोलावलं. त्याची सडपातळ, चकचकीत कात्री ऐटीत आली, आणि कच्. अख्ख्या गल्लीसमोर अर्धी मिशी सायकलवाल्याच्या मांडीवर पडली. टाळ्या सगळ्या त्या भवानीला.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या कात्रीला वेळेवर तेल द्या, धार लावा, कागद-पुठ्ठे तिच्या तोंडी देऊ नका. आमचा मान राखा. पण समोर मिशी असली, तर निदान एकदा आम्हाला विचारून तरी बघा.