राजेश्रीची मिशी

वालूरच्या राजेश्रीला मिशी आहे, हे अख्ख्या परभणी जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती दिसत नाही, एवढंच. स्टेजवर आली की राजेश्री साडीवर एक उपरणं टाकते, दोन बोटांनी हवेतून काहीतरी उचलते, वरच्या ओठावर चिकटवते, टोकं पिळते आणि बघता बघता तिथं सेलूचा आडत्या उभा राहतो. नाहीतर सुट्ट्या पैशांवरून भांडणारा कंडक्टर, नाहीतर तीन निवडणुका हरूनही 'भावी'च राहिलेला एखादा पुढारी. सामान म्हणाल तर ते एक उपरणं. तरी शेवटच्या रांगेतले लोक मिशी काळी होती की पिकलेली, यावरून घरी जाईपर्यंत वाद घालतात.

हे वेड तिला कुणी शिकवलं नाही. तिचं माहेर सोनपेठचं. वडील तिथल्या बसस्टँडवर भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. नऊ वर्षांची असताना एकदा वडील चहाला गेले आणि ही खुर्चीवर चढून त्यांच्याच आवाजात परळीची गाडी पुकारून मोकळी झाली. लोक उठले, पिशव्या घेतल्या, गाडीत चढले. कुणाला काही कळलं नाही. कळलं फक्त एका माणसाला, आणि तो हातात बशी धरून हॉटेलात बसला होता. राजेश्रीला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. वडील आले, तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाव घ्यायच्या आधी मी खोकत असतो. ते ऱ्हायलं की तुझं."

तेव्हापासून राजेश्री माणसाचं खोकणं आधी ऐकते, बोलणं मागाहून. शाळेच्या गॅदरिंगपासून सुरुवात झाली, मग गणपती, शिक्षकांची संमेलनं, चारठाण्याची जत्रा. बाईमाणूस पुरुषांच्या नकला करतं म्हणून सुरुवातीला नाकं मुरडली गेली. तिनं त्या नाक मुरडणाऱ्यांचीही नक्कल केली.

तिचा एक कायदा होता. ज्याची नक्कल करायची, तो समोर पाहिजे. आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन नारळ द्यायचा आणि कार्यक्रमात त्याला पहिली खुर्ची. पाठीमागे कुणाची टर उडवायची नाही. आता तुम्हाला वाटेल, नारळ बघून लोक दार लावून घेत असतील. छे! ज्यांना नारळ मिळायचा नाही, ते फुगून बसायचे. एका सरपंचानं तर निरोपच पाठवला होता, "आमच्यात काय खोट हाय म्हणून आमाला सोडलं?"

आणि तिची एक सवयही होती. कार्यक्रम संपला, आभार झाले, माइक बंद झाला, लोक चपला शोधायला लागले, की राजेश्री स्टेजच्या कडेला यायची, ओठावरची मिशी हळूच काढायची आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवायची. हे दाखवायला नसायचं. मोबाइलवर शूटिंग करणारेसुद्धा तोवर मोबाइल खिशात घालून वाटेला लागलेले असायचे. नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं, कारण योगीराज तेव्हा गाडी काढायच्या घाईत असायचा.

बाकी सगळ्यांना नारळ देऊन झाला होता. एक माणूस तेवढा राहिला होता, आणि तो घरातच होता.

व्यंकटराव सर म्हणजे वालूरच्या शाळेचे जुने हेडमास्तर आणि राजेश्रीचे सासरे. ती त्यांना मामा म्हणायची. झुपकेदार मिशी, कानावर खडू, आणि आवाज असा की सरांनी वर्गात हाक मारली की गावातली पोरं 'हजर' म्हणायची. लग्न ठरताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "तिनं करू नये असं मी म्हणणार न्हाई. पण मला ते बघायला बोलवायचं न्हाई." सतरा वर्षं त्यांनी शब्द पाळला. राजेश्रीचा कार्यक्रम असला की मामा नेमके सकाळीच पिशवी घेऊन एसटीनं निघायचे. पेन्शनचं काम म्हणायचे. कधी परभणीला, कधी जिंतूरला. राजेश्रीला कळायचं ते. नावडत्या गोष्टीवर माणूस भांडला तर बोलता तरी येतं. तो गावालाच गेला तर काय बोलणार? तिला ते लागायचं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मामांची नक्कल तिला झोपेतही आली असती, पण स्वयंपाकघरात दार लावूनसुद्धा तिनं ती कधी केली नव्हती.

गेल्या पोळ्याला सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, वाचा गेली. सगळ्या भाषेतून एकच शब्द शिल्लक राहिला, "बरं." चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं. चेहऱ्याची अर्धी बाजू हलेना. माणसांचे चेहरे वाचून जिनं नाव कमावलं, त्या राजेश्रीला घरातला एक चेहरा वाचता येईना.

अशात शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. समितीचा अध्यक्ष परमेश्वर, सरांचाच विद्यार्थी, आता गावात त्याचं खताचं दुकान. सरांच्या सत्काराचं आमंत्रण घेऊन आला आणि ओसरीवर अवघडून बसला.

"वहिनी, सत्काराला उत्तर सरांनीच द्यावं असं समद्यांच्या मनात हाय. आता सर तर बोलू शकत न्हाईत. तर तुमी बोला. त्यांच्याच आवाजात."

योगीराज ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं, परम्या? पडलेल्या माणसाची नक्कल करतेत व्हय कुणी? आन् तीबी सुनेनं? बाबांना हे आवडत न्हाई, साऱ्या गावाला ठावं हाय."

राजेश्री म्हणाली, "ज्याची त्याला इचारल्याबिगर मी कुणाची करत न्हाई. मी इचारते."

दुसऱ्या दिवशी तिनं पदर नीट घेतला, नारळावर कुंकू लावलं आणि मामांच्या खाटेजवळ गेली. परक्या माणसापुढे उभं राहावं तशी उभी राहिली. "मामा, उद्या तुमच्या आवाजात बोलावं म्हणतेत. बोलू का?" मामांनी डावा हात पुढे केला, नारळ घेतला, मांडीवर ठेवला. "बरं." हो म्हणाले, की हातात दिलेली वस्तू माणूस घेतो तसा घेतला? राजेश्रीला काही उमगेना. पण नारळ घेतला गेला होता, आणि नारळ घेतल्यावर मागे फिरायचं तिच्या कायद्यात नव्हतं.

शाळेच्या पटांगणात मांडव टाकला होता. सकाळी दहालाच तो भरला. सरांना पहिल्या खुर्चीत बसवलं. दोन्ही पायांच्या मध्ये काठी, शेजारी योगीराज, ओठ घट्ट मिटून. मागच्या रांगेत बायनाबाई होत्या. शाळेची घंटा त्यांनी तीस वर्षं वाजवली होती.

शाल-श्रीफळ झालं. परमेश्वरनं राजेश्रीच्या हातात माइक दिला. तिनं उपरणं टाकलं, हवेतून मिशी उचलली, ओठावर चिकटवली आणि सरांच्या आवाजात म्हणाली, "माझ्या लाडक्या विद्यार्थी मित्रहो..."

आवाज हुबेहूब होता. पुढच्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. राजेश्री बोलत राहिली. ज्ञानाचा दिवा, संस्कारांची शिदोरी, तुमच्या प्रगतीनं भरून येणारा ऊर. सगळं जपून. कुठं काही लागू नये, कुणी फिदीफिदी हसू नये, आजारी माणसाचा अपमान होऊ नये. सर असं जन्मात कधी बोलले नव्हते, हे तिला बोलताना कळत होतं. पण सून म्हणून तिला भीती वाटत होती, आणि ती भीतीच बोलत होती.

तेवढ्यात काठी वाजली. टक टक.

राजेश्री अडखळली. पुन्हा बोलायला लागली. पुन्हा टक टक, या वेळी जोरात. सरांची मान थरथरत होती. योगीराजनं राजेश्रीकडे रोखून बघत सरांच्या काखेत हात घातला. "झालं मनासारखं? चला बाबा, घरी चला." सर उठेनात. त्यांनी त्याचा हात झटकला आणि काठी तिसऱ्यांदा आपटली. दोनदाच. पंचवीस वर्षं स्टेजवर उभी असलेली ही बाई आता खाली बसते की काय, असं झालं.

मागून बायनाबाईंचा आवाज आला. "अगं बाई, रागावले न्हाईत ते! फळ्यावर चुकलं की सर टेबलावर पट्टी अशीच दोनदा हाणायचे. पूस आन् पुना लिव! पुसाया सांगायलेत तुला!"

सगळा मांडव हसला, कारण त्या दोन पट्ट्या मांडवातल्या प्रत्येकानं ऐकलेल्या होत्या. राजेश्रीनं सरांकडे बघितलं. सरांनी काठी खाली टेकवली होती आणि ते वाट बघत होते.

मग ती वळली, पदराच्या टोकानं हवेतला भलामोठा फळा पुसला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. खडूची धूळ झटकली. आणि पुन्हा वळली तेव्हा सर आले होते.

हात खडूनं भरलेले म्हणून कोपरांनी पँट वर ओढणारे सर. उशिरा आलेल्या पोराला दारात वाकून "या हुजूर, तशरीफ ठेवा, आपल्यासाठीच शाळा थांबवली हाय" म्हणणारे सर. चहानं बुद्धी मंद होते असं सांगून स्टाफरूममध्ये बशीतून तीन कप फुर्रकन ओढणारे सर. तिनं पोराचा कान धरला, पिरगळला, आणि त्याच पोराच्या खिशातून निघालेली बोरं खिडकीकडे तोंड करून एकट्यानं खाल्ली. लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले. परमेश्वर तर आपलाच कान चोळत बसला.

मग राजेश्री एकदम थबकली. वर आढ्याकडे बघितलं. मांडवात श्वास अडकले, कारण पुढचं काय ते गावाला ठाऊक होतं, पण सरांसमोर त्याचा उच्चार आजवर कुणी केला नव्हता. पाल. ज्या माणसाला अख्खं वालूर टरकून असायचं, तो माणूस पालीला घाबरायचा. राजेश्री टुणकन खुर्चीवर चढली, दोन्ही पाय जवळ घेतले आणि त्या भारदस्त आवाजात म्हणाली, "मुलांनो, भिऊ नका! बायनाबाई, ओ बायनाबाई! ही विद्यार्थिनी बाहेर न्या!"

बायनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मीच नेत व्हते! खराट्यानं!"

राजेश्री खुर्चीवरून उतरली. उजवा पाय ओढत उतरली. उजवा हात लुळा झाला, अर्धा चेहरा थांबला. हसू विरलं. योगीराजनं मान खाली घातली. "बरं," ती म्हणाली. तो बेचव वरणाचा 'बरं' होता. मग पेपर उशिरा आल्याचा. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरालाच काठीच्या खुणेनं उठाबशा काढायला लावणारा. मग औषध उशीखाली दडवून साळसूदपणे म्हटलेला. एकाच शब्दात सगळा माणूस उभा राहिला, तोच तुसडा, तोच लबाड, तोच हेडमास्तर. कुठं काही कमी झालं नव्हतं. लोक पुन्हा हसायला लागले, या वेळी डोळे पुसत, आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होते पहिल्या खुर्चीतले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण खदाखदा.

आभार झाले. माइक बंद झाला. लोक जेवणाच्या मांडवाकडे वळले. राजेश्रीला आज बाकीचं काही सुचलं नाही. ती तशीच खाली उतरून मामांच्या पायाशी वाकली.

उठली तर मामांचा डावा हात तिच्या चेहऱ्यासमोर आला होता. दोन बोटं हवेत थांबली, ओठाला न लागता त्यांनी तिथलं काहीतरी हळूच उचललं, आणि मामांनी हनुवटीनं तिच्या पदराकडे खूण केली.

तिनं पदराचं टोक पुढे केलं. मामांनी मिशी त्यात ठेवली. तिनं गाठ मारली.

"मामा, हे तुमी कुठं बघितलं?" राजेश्री म्हणाली. "हे तर कुणीच बघत न्हाई. माइक बंद झाल्यावरचं हाय हे."

मामांनी काठी उचलून फाटकाकडे दाखवली. उशिरा आलेले आणि न सांगता आलेले लोक उभे राहतात, तिकडे.

"कितीदा?"

पाच बोटं उघडली, मिटली. पुन्हा पाच. पुन्हा पाच. योगीराज आधी बापाच्या बोटांकडे बघत राहिला, मग बायकोकडे. "वालूरात तर हिचे तीनच कार्यक्रम झालेत," तो म्हणाला. बोटं अजून उघडमीट करतच होती. "बाबा, म्हंजे ते पेन्शनचं काम..."

"बरं," मामा म्हणाले, औषध दडवल्यावर म्हणतात तसं.

सतरा वर्षं दिला नाही तो नारळ राजेश्रीला आठवला, आणि जिल्हाभरातले फुगून बसलेले सरपंच आठवले, आणि तिला हुंदका आवरेना. पटांगणात, चारचौघांत, जिल्ह्याला हसवणारी बाई घळाघळा रडायला लागली.

काठी दोनदा वाजली. टक टक.

राजेश्रीनं डोळे पुसले.