बुडवून खायचा सॉस

आमचे हे हॉटेलात आचारी होते. तापाने अंथरुणाला खिळले, तेवढ्यात त्यांच्या जागी दुसरा आला, आणि तेव्हापासून हा अन्नदाता माझ्या स्वयंपाकघरात मुक्कामाला आहे. माझी कढई चुकीची, माझी सुरी बोथट. मी कांदा म्हणे कापत नाही, छळते. बरं बाई, छळते. लग्न झाल्यापासून तोच छळलेला कांदा मुकाट्याने गिळलात ना?

आता एक हॉटेलमालक ह्यांच्या हातची चव घ्यायला घरी येणार होता. त्याला जपानी पद्धतीचा सॉस हवा होता. मटणाच्या पातळ चकत्या टेबलावरच भाजायच्या आणि सॉसमध्ये बुडवून खायच्या. भाजायचं गिऱ्हाइकाने, बुडवायचं गिऱ्हाइकाने, गल्ला मोजायचा मालकाने. धंदा असावा तर असा! सॉस जमला तर ह्यांना नोकरी. नाही जमला तर मला जन्मभर कांद्यावरची प्रवचनं.

सकाळीच ह्यांनी सफरचंद किसलं, आलं-लसूण वाटलं, साखर विरघळवली, तीळ भाजले. आणि घडीघडीला एकच, "अगं, जरा चाखून बघ." घरातले पडदे घेताना ज्या माणसाने मला विचारलं नाही, त्याला आज माझी जीभ हवी!

"काय हो, आज सूर्य कुठून उगवला?"

"तसं नाही गं, गिऱ्हाइकाला काय वाटतं ते कळायला हवं."

"म्हणजे मी गिऱ्हाईक. चला, बढती मिळाली."

मी चाखून सांगितलं, मीठ कमी आहे. ह्यांनी फ्रिजमधून सोया सॉसची बाटली काढली, भडाभडा ओतली, एक उकळी आणली, चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! आता जमलं."

तेव्हा कुठे माझी नजर बाटलीवर गेली. त्या बाटलीत सोया सॉस नव्हताच. रिकामी बाटली मला टाकवत नाही, उरलेली कोरी कॉफी मी तिच्यात भरून ठेवते. ह्यांना दहादा सांगितलंय, पण माझं बोलणं ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं, हा आमच्या घरचा नियम. मी चमचाभर चाखलं. कडूजहर!

"अहो, कॉफी ओतलीत!"

मी पोट धरून हसणारच होते. अशी संधी काय रोज मिळते? पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं.

"तापापासून काही लागत नाही," हे म्हणाले. "ना वास, ना चव. नुसतं गरम नाहीतर गार."

"आणि हे मला आज सांगताय?"

"डॉक्टर म्हणाले, येईल परत. म्हटलं, तोवर कशाला..."

मला असा राग आला! ताटात माती वाढली असती तरी ह्यांना कळलं नसतं, आणि रोज जेवताना, "आज मीठ जरा पुढे गेलंय हं." ढोंगी मेला!

तणतणतच मी सॉस पुन्हा करायला उभी राहिले. हात ह्यांचे, जीभ माझी. मालकापुढे करायच्या खुणाही ठरल्या. मी कानाला हात लावला तर मीठ कमी, नाकाला लावला तर गोड जास्त. मालकाला वाटेल बाईला खरूज झालीय. वाटू दे.

मालक आला, पोट पुढे आणि मालक मागे. चकत्या भाजल्या, बुडवल्या, खाल्ल्या, पुन्हा वाढून घेतल्या. "झकास!" म्हणाला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मालक वाटी घेऊन ओट्याकडे गेला, आमच्याकडे पाठ करून तिच्यात काहीतरी टाकलं, ढवळलं आणि वाटी ह्यांच्यापुढे धरली.

"मी प्रत्येक आचाऱ्याची जीभ तपासून घेतो. सांगा, काय घातलं?"

ह्यांनी एक चमचा चाखला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कुठे हात लावणार? कपाळाला लावला.

अंधारात दगड तरी मारायचा की हो! लिंबू म्हणा, मिरी म्हणा. पण नाही. ह्यांनी वाटी खाली ठेवली.

"मला चव लागत नाही, साहेब. सॉस केला मी, चाखला हिने."

मालकाने तोंड पुसलं. "कळवतो," म्हणाला. कळवतो म्हणजे काय, ते शेंबडं पोरही सांगेल. आणि वर, जाताना उरलेला सॉस घरच्यांसाठी डब्यात भरून मागितला. मी म्हटलं, "आम्हालाही घर आहे."

दार लावून वळले. चांगली तोंडावर आली होती शिवी. हे तव्यापुढे बसले होते. एक चकती उलटली, सॉसमध्ये बुडवली, तोंडात घातली आणि नुसतेच चावत राहिले.

"कसा झालाय गं?"

एरवी मी म्हटलं असतं, खाण्यालायक आहे. पण शेजारी बसले आणि मीही एक चकती बुडवून खाल्ली.

"आधी गोड लागतो," मी म्हटलं. "साखरेचा नाही, सफरचंदाचा गोड. मग खारट. लसूण मागून येतो, हळूच. आणि तीळ दाताखाली आले की..." मी ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांनी डोळे मिटले होते. चावायचंही थांबवलं होतं.

"हं," म्हणाले. "तिळाचं काय? सांग ना."