वाचा बांधणारी विहीर

हुडकेश्वरला आमच्या ले-आऊटच्या नव्या वस्तीतल्या जुन्या विहिरीवर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आमदार साहेबांनी नळाची पाइपलाइन टाकून वर्ष झालं, पाणी काही आलं नव्हतं. जलानंद बाबा मात्र आले होते.

"एक घोट, कावीळ आऊट! दोन घोट, शुगर आऊट!" बाबा गर्जले.

शिष्य चंपतरावानं मोबाईल उंच धरला. "पाहा, हजारो लोकायले गुण आला! अन् निंदा करणाऱ्याची बाबा वाचाच बांधतात."

तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या गल्लीतल्या गोपिकाचा नवरा रुपराव हेच पाणी पिऊन काविळीनं गेला. तिनं मोबाईलवर तसं लिहिलं, तर मजकूर नाहीसा. पुन्हा लिहिलं, तर खातंच बंद. तेव्हापासून तिच्या अंगणात कोणी पाय ठेवेना.

तिला घेऊन वस्तीतल्या डॉक्टर माया पुढे आल्या.

"हा माझ्या घरच्या वांग्याच्या भाजीचा फोटो, आत्ताच टाकलाय. सगळ्यांनी उघडा, 'तक्रार' दाबा आणि कारण द्या, हिंसा."

लोक हसले, पण दाबत गेले. गर्दी पांगायच्या आत फोटो गायब!

"काहून गा चंपतराव," गोपिका म्हणाली, "वांग्यानंबी बाबाची निंदा केली काय?"

"एकदम शेकडो तक्रारी आल्या की ॲपवाल्या कंपनीचं यंत्र बरेचदा वाचत बसत नाही, पुसून मोकळं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "गोपिकाचं तसंच पुसलं. आता गुण आलेल्यांकडे बघा. ही इंदूबाई, राहते दूर तिकडे लकडगंजला. मागच्या महिन्यात लिहिते, 'हुडकेश्वरला घरोघरी चोवीस तास पाणी, साहेबांना धन्यवद.' आता तीच लिहिते, 'कावीळ गेली, बाबांना धन्यवद.' हीच वाक्यं, हीच चूक, शेकडो नावांनी! नळ कोरडे आहेत हे झाकायला विहिरीला देव केलंय. मी पाणी तपासून घेतलं. त्यात गटार मिसळलंय."

बाबांनी चंपतरावाकडे पाहिलं. तो घाबरून बोलून गेला, "मले काहून पाहून राहिले? सायबाच्या प्रचार कक्षातून येते, तेच टाकतो मी!"

हे सगळं मी चित्रित करून मोबाईलवर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथं एकच ओळ उरली होती: 'शासकीय विनंतीवरून हा मजकूर तुमच्या भागात उपलब्ध नाही.'

विहिरीवर पुन्हा रांग. चंपतराव मोबाईल उंच धरून ओरडला, "पाहा, डॉक्टरीणबाईचीबी वाचा बांधली!"

"अवं, काल वांग्यावर तूच बटन दाबलं ना?" गोपिकानं शेजारणीला विचारलं.

"दाबलं ना वं," शेजारीण पुटपुटली, आणि तिनं बादली आत सोडली.

पुसला म्हणून मजकूर खोटा ठरत नाही, हजारांनी वाखाणला म्हणून खरा ठरत नाही. कोणी पुसलं, कोणाच्या सांगण्यावरून वाखाणलं, एवढं तरी विचारा. गोपिका रोज विहिरीपाशी उभी राहते आणि रुपराव कसा गेला ते येईल त्याला सांगते. तिचं आधी ऐका. मग हिंमत असेल तर प्या.